सपाट पत्र्यातून रेसगाडीचे मडगार्ड

जॅग्वार डी-टाइप, फेरारी २५० टेस्टा रोसा, लोटस इलेव्हन. १९५०च्या दशकातील शर्यतीच्या या गाड्यांपैकी कोणतीही समोरून पाहा. चाकांवरून उसळलेली मडगार्डे, त्यांच्यामधून उतरत गेलेले नाक, आणि सगळ्या बॉडीवर फूटपट्टी सपाट टेकेल अशी जागा जवळजवळ नाही. हे आकार मोठ्या प्रेसमधून निघालेले नाहीत. थोड्याशा गाड्यांसाठी पोलादी डाय बनवणे कोणाला परवडत नसे. म्हणून कॉव्हेंट्री, लंडन, मिलान आणि मोदेना इथल्या कारागिरांनी ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा घेतला आणि लाकडी हातोडा, वाळूची पिशवी आणि चाकाचे साधे यंत्र यांवर तो घडवला. मोदेनात सेर्जिओ स्कालियेत्ती यांच्या कारखान्यात फेरारी २५० जीटीओच्या बॉड्या अशाच तयार झाल्या. १९६२ ते १९६४ या काळात त्या गाड्या ३६ निघाल्या आणि त्यांतल्या दोन शेजारी उभ्या केल्या तर हाताच्या कामाचा फरक दिसतो.

आज त्या धाटणीची गाडी बांधणारे हौशी लोक हीच पद्धत वापरतात, आणि त्यासाठी लागणारी जागा गॅरेजएवढीच असते. आपण इथे एकच भाग घेऊ: पुढचे डावे मडगार्ड. यात बॉडीकामाचे जवळजवळ सगळे प्रश्न येतात, त्यामुळे सुरुवात इथून करणे चांगले.

आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. सपाट पत्रा एका दिशेने सहज वाकतो. त्याची नळी करता येते. पण दोन्ही दिशांनी गोलाई हवी असेल तर पत्र्याचे क्षेत्रफळच बदलावे लागते. मधला भाग ताणून वाढवायचा किंवा काठ आवळून कमी करायचा, या दोनच क्रिया आहेत. बाकी सगळी हत्यारे त्या दोन क्रियांसाठी. पत्रा सांगाड्यावर बसत नसेल तेव्हा ‘आता कुठे ठोकू?’ असे नवखा माणूस विचारतो. जाणता माणूस विचारतो, ‘कुठे पत्रा जास्त झालाय आणि कुठे कमी पडतोय?’ पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर न शोधल्यामुळे होतात.

पत्रा निवडताना

बाजारात ॲल्युमिनियमचा पत्रा आकड्यांनी ओळखला जातो. ११०० म्हणजे किमान ९९ टक्के शुद्ध, अगदी मऊ. ३००३ मध्ये एक-सव्वा टक्का मँगनीज असते. तो थोडा दणकट, तरीही हाताखाली चांगला वळणारा. ५०५२ मध्ये अडीच टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असते. तो मजबूत, पण हातोड्याखाली लवकर ताठरतो. पहिल्या कामाला ३००३ घ्यावा, तो अर्धकडक म्हणजे ‘एच१४’ अवस्थेत. दुकानदार ६०६१ पुढे करील, कारण तो ‘जास्त चांगला’ म्हणून खपतो. तो कंस आणि आधारपट्ट्यांसाठी चांगला आहे. खोल गोलाईला तो घेऊ नये, तडे जातात.

जाडी १.६ मिलिमीटर ठेवावी. अनुभवी लोक १.२ वापरतात, पण ताणताना पत्रा पातळ होतो आणि शेवटी कानस लावायलाही काही शिल्लक हवे. १.६ मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा सव्वाचार किलोंच्या आसपास भरतो, ०.९ मिमीचा पोलादी पत्रा तेवढ्याच जागेत सात किलो. जाड पत्रा घेऊनही वजन वाचते, म्हणून इथे कंजुषी करायचे कारण नाही.

लाकडी सांगाडा

मडगार्ड कशावर जुळवून पाहायचे? त्यासाठी प्लायवुडचा सांगाडा करतात. कारखान्यात त्याला ‘बक’ म्हणतात. गाडीच्या आराखड्यातून दर १००–१५० मिमीवर आडवे छेद काढायचे, ते १२ किंवा १८ मिमी प्लायवर उतरवून कापायचे आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या फळ्यांमध्ये खाचा पाडून उभे करायचे. इटलीतले कारागीर याच कामासाठी लोखंडी सळ्या वाकवून, जोडून जाळीचा सांगाडाही करत.

प्रत्येक छेद कापताना पत्र्याची जाडी वजा करावी. आराखडा बाहेरच्या पृष्ठभागाचा असतो आणि पत्रा सांगाड्याच्या वर बसतो. हे विसरले तर मडगार्ड सगळीकडे दीड मिलिमीटरने मोठे होते, आणि त्याचा पत्ता बॉनेट बसवताना लागतो.

सांगाडा पूर्ण भरीव करू नये. फळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून आतून डोकावता येते, पत्रा कुठे टेकला आणि कुठे अधांतरी आहे ते दिसते, क्लॅम्प लावता येतो. आणि सांगाड्यावर पत्रा ठोकू नये. तो मोजमापाचे साधन आहे. त्यावर हातोडा चालवला तर प्लायच्या कडांचे वण पत्र्यावर उठतात, आणि हळूहळू सांगाड्याचाही आकार जातो.

चारदोन दिवस जास्त गेले तरी सांगाडा गुळगुळीत होईपर्यंत सोडू नये. लांब, लवचीक लाकडी पट्टी छेदांवरून टेकवून फिरवावी. जिथे ती एखाद्या छेदावर उचलली जाते तिथे तो घासावा, जिथे दबते तिथे पातळ पट्टी चिकटवून भर द्यावी. सांगाड्यातला दोष पत्र्यात दुरुस्त होत नाही.

तुकडे ठरवणे आणि कागद लावणे

संपूर्ण मडगार्ड एका पत्र्यातून काढायचा मोह टाळावा. जुन्या गाड्यांतही ते तीन-चार तुकड्यांचे असे: माथ्याचा फुगीर भाग, बाहेरची बाजू, हेडलाइटच्या भोवतालचा पुढचा भाग, आणि बॉनेटकडे उतरणारा आतला भाग. हा आतला भाग एका दिशेने फुगीर आणि दुसऱ्या दिशेने खोलगट असतो. त्याची गोलाई उलटी.

जोड कुठे येणार हे आधी ठरवावे. जिथे गोलाई कमी आणि जिथे आतून हात व डॉली, म्हणजे हातात धरायची छोटी पोलादी ऐरण, सहज पोहोचते, तिथे जोड ठेवावा. नेमका माथ्यावर किंवा हेडलाइटच्या खोबणीत जोड आला, तर पुढे तो सपाट करताना जीव मेटाकुटीला येतो.

आता ब्राउन पेपर सांगाड्यावर पसरून चिकटपट्टीने बसवावा. कागद ताणला जात नाही आणि आवळलाही जात नाही, म्हणून तो खरे सांगतो. ज्या काठावर कागदाला चुण्या पडतात तिथे पत्रा जास्त आहे, तो आवळावा लागेल. जिथे कागद कापून उघडावा लागतो तिथे पत्रा कमी आहे, तो ताणावा लागेल. चुणीची आणि फटीची रुंदी कागदावरच लिहून ठेवावी. हा कागद म्हणजे पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा आहे, आणि तो न करता थेट हातोडा उचलणारे लोकच सर्वांत जास्त पत्रा वाया घालवतात.

आकार एखाद्या अस्सल गाडीवरून घ्यायचा असेल तर दुसरी सोय आहे. मडगार्डवर आधी सहज निघणारी कागदी चिकटपट्टी, तिच्यावर धाग्यांची मजबूत चिकटपट्टी आडवी-उभी लावायची आणि दोन्ही थर एकत्र सोलून काढायचे. हे लवचीक आवरण सपाट पडत नाही, पण क्षेत्रफळ अचूक जपते. घडवलेला पत्रा त्यात सैल किंवा घट्ट लागला की चूक कुठे आहे ते लगेच कळते.

कापणे

कागदाची बाह्यरेषा पत्र्यावर मार्करने उतरवावी आणि भोवती २५ मिमी जादा ठेवावे. टोकदार सुईने रेघ मारू नये. पत्रा ताणताना त्या ओरखड्यातूनच तडा सुरू होतो. कापल्यावर काठाची खरखर कानशीने घासून मग बारीक पॉलिशपेपरने काठ गोलसर करावा. हे पाच मिनिटांचे काम आहे. काठावरचे बहुतेक तडे ते टाळल्यामुळे जातात.

पत्रा नरम करणे

ॲल्युमिनियम ठोकताना ताठरते. आतली रचना दबते आणि धातू आणखी वळायला नकार देतो. ठरावीक उष्णता देऊन तो पुन्हा मऊ करण्याला अॅनीलिंग म्हणतात. ११०० साठी सुमारे ३४५ अंश सेल्सिअस आणि ३००३ साठी सुमारे ४१५ अंश लागतात.

इथे सर्वांत मोठा धोका आहे. लोखंड तापले की लाल होते आणि इशारा देते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि तोपर्यंत त्याचा रंग बदलत नाही. आपण ज्योत फिरवत असतो, पत्रा जसाच्या तसा दिसतो, आणि एका क्षणी तिथे भोक पडलेले असते.

म्हणून खूण लावायची. ॲसिटिलीन असेल तर ऑक्सिजन बंद ठेवून पिवळ्या, धुरकट ज्योतीने पत्र्यावर काजळी धरावी. मग ऑक्सिजन देऊन साधी ज्योत करावी आणि ती लांबून, हलती ठेवून फिरवावी. काजळी जळून नाहीशी झाली की तो भाग नरम झाला. ज्योत पुढे न्यावी. आपल्याकडे अनेक गॅरेजमध्ये एलपीजीचा टॉर्च असतो, त्याची काजळी अशी धरत नाही. तिथे अंगाच्या साबणाची वडी पत्र्यावर ओढावी आणि ज्योत शक्यतो मागच्या बाजूने द्यावी. साबणाची रेघ गडद तपकिरी-काळी झाली की थांबावे. देवदाराची काडी टेकवून पाहण्याचीही रीत आहे; ती पत्र्यावर तपकिरी रेघ सोडते.

गार कसे करायचे याची चिंता नको. या जातीचा पत्रा पाण्यात बुडवला किंवा हवेत ठेवला तरी मऊच राहतो. मात्र जास्त वेळ तापवला तर धातूचे कण मोठे होतात आणि पुढे ताणताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उठतो. माथ्याचा तुकडा नरम करावा. आतल्या बाजूचा उथळ तुकडा अर्धकडकच ठेवला तर चालतो, उलट हाताळायला सोपा जातो.

पिशवी आणि हातोडा

जाड चामड्याची पिशवी कोरड्या, बारीक वाळूने तीन-चतुर्थांश भरावी. गच्च भरली तर ती दगड होते आणि पत्र्याला खोलगा पडत नाही. हातोडा लाकडी किंवा नायलॉनचा, नासपतीच्या आकाराचा. टोक बारीक पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत ठेवावे, कारण हातोड्यावरचा प्रत्येक चरा पत्र्यावर उतरतो.

मडगार्डच्या माथ्याला सुरुवात काठापासून करावी, हे बहुतेकांना उलट वाटते. मन म्हणते मध्ये ठोकून खळगा करावा. तसे केले तर सगळी वाढ मध्यातल्या पातळ होत जाणाऱ्या धातूतून येते आणि तिथे पत्रा फाटायला येतो. काठ आवळला तर मधला भाग आपोआप उभारी धरतो आणि त्याची जाडी टिकून राहते. जुने कारागीर निम्मे काम आवळून आणि निम्मे ताणून करत, आणि मलाही तेच प्रमाण योग्य वाटते.

आवळण्यासाठी काठाला मुद्दाम चुणी पाडायची. एका बाजूने खाच पाडलेला कडक लाकडाचा ओंडका घ्यावा किंवा दोन दांड्यांचा चिमटा. काठ त्यात धरून मुरडला की त्रिकोणी चुणी उभी राहते. तिचे टोक आधी बंद करायचे, मग टोकाकडून काठाकडे हलके ठोके देत ती स्वतःमध्ये दाबत न्यायची. धातूला जायला जागा नसते, म्हणून तो जाड होतो आणि काठाची लांबी कमी होते.

हे सारे ठोके देताना चुणी एकदाही स्वतःवर दुमडू देऊ नये. दुमडली, तर त्या घडीत तडा ठेवलेलाच. चुणी फार उंच पाडणे हेच त्याचे कारण. दीड-दोन सेंटिमीटर उंचीच्या लहान चुण्या जास्त संख्येने घ्याव्यात, एकच मोठी घेऊ नये.

काठ आवळून झाल्यावर पत्रा पिशवीवर खोलगट बाजू वर ठेवून धरावा आणि बाहेरून आत गोल गोल फिरत ठोकावा. ठोके एकमेकांना लागून, एकसारख्या जोराचे. ठोकून झालेला पत्रा अक्रोडासारखा खडबडीत दिसतो. त्याने घाबरू नये; या टप्प्यावर आपण क्षेत्रफळ जमवतो आहोत, गुळगुळीतपणा नंतर येतो.

कान उघडे ठेवावेत. नरम पत्र्यावर ठोक्याचा आवाज दबका, बसका येतो. धातू ताठरत गेला की तो हळूहळू खणखणू लागतो आणि हातोडा उसळतो. आवाज बदलला की थांबून पत्रा पुन्हा नरम करावा. खोल माथ्याला दोन-तीनदा तरी हे करावे लागते. ‘अजून थोडेच राहिले आहे’ म्हणून पुढे ठोकत राहिले की काठावर केसाएवढा तडा दिसतो. तो दिसला, तर त्याच्या टोकाला लहान भोक पाडून तडा थोपवावा आणि पुढे वेल्डिंगने बुजवावा.

दर थोड्या वेळाने तुकडा सांगाड्यावर ठेवून पाहावा. एका कोपऱ्यात टेकत नाही म्हणून त्याच कोपऱ्याला दाबू नये. अंतर कुठून सुरू होते ते बघावे. मध्यात टेकतो आणि काठांना अधांतरी, म्हणजे उभारी अजून कमी आहे. काठांना टेकतो आणि मध्यात पोकळी, म्हणजे मध्य जास्त ताणला किंवा काठ जास्त आवळला.

चाकाखाली

आता इंग्लिश व्हील. मोठ्या लोखंडी चौकटीत वर एक सपाट, रुंद चाक आणि खाली एक लहान, फुगीर चाक असते. मध्ये पत्रा घालून मागे-पुढे सरकवायचा. खालचे चाक स्क्रूने वरखाली होते, त्यानुसार दाब कमी-जास्त. दोन चाकांत चिमटा बसला की पत्रा किंचित पातळ होतो, म्हणजे ताणला जातो. ठोक्यांचे उंचवटे-खळगेही इथेच बसतात.

खालच्या चाकांचा संच असतो, जवळजवळ सपाटापासून बऱ्यापैकी फुगीरपर्यंत. मडगार्डच्या आपल्या भागाला जेवढी गोलाई आहे त्यापेक्षा किंचित जास्त गोलाईचे चाक लावावे. सपाट चाक लावले की त्याच्या कडा पत्र्यात रुततात आणि समांतर रेघा उमटतात.

दाब इतकाच ठेवावा की पत्रा दोन बोटांनी ओढता येईल. फेऱ्या एकमेकींच्या जवळ, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढलेली. वळण्याची जागा दरवेळी बदलावी, नाहीतर त्या ओळीत पत्रा जास्त पातळ होऊन खोबण दिसू लागते. एक दिशा झाली की पत्रा फिरवून आडव्या दिशेने फेऱ्या घालाव्यात. काठाच्या आत तीन-चार सेंटिमीटरवर थांबावे.

काठापर्यंत चाक नेणे ही इथली नेहमीची चूक. काठ ताणला की तो लाटांसारखा वर-खाली होतो. मग आकार गेला असे समजून लोक मध्य ताणत राहतात, आणि तुकडा आणखी बिघडतो. लाटांवर उपाय काठ पुन्हा आवळणे, एवढाच आहे.

दुसरा दोष ओळखायला सोपा, दुरुस्तीला अवघड. पत्र्याचा एखादा भाग अंगठ्याने दाबला की ‘टक्’ करून आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. तिथे पत्रा भोवतालच्या मानाने जास्त ताणलेला आहे. त्याला बसायला जागा नाही, म्हणून तो दोन्हीकडे उडी मारतो. हात आपसूक त्याच जागी ठोके घालू लागतो, आणि ठोक्यांनी ती जागा आणखी ताणली जाते. करायचे उलट: ती जागा सोडून भोवतालचा घट्ट पट्टा चाकाखाली हलक्या दाबाने ताणावा. दर दोन-चार फेऱ्यांनी अंगठा लावून पाहावे. टकटक मंदावते आणि मग बंद होते. फरक फार मोठा असेल तर तेवढाच भाग गरम करून, लाकडी हातोड्याने हलके ठोकत आवळावा लागतो.

गोलाई डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळते. पातळ सुती हातमोजा घालून हात सपाट ठेवावा आणि लांब, सरळ फिरवावा. हातमोज्यामुळे चरचर लागत नाही आणि उंचवटा जाणवतो. मग ट्यूबलाइटखाली पत्रा तिरपा धरून दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते सरकताना जिथे अडखळते तिथे दोष आहे.

तुकडे जोडणे

जोड काठाला काठ लावून करायचा, एकावर एक चढवून नाही. दोन्ही तुकडे सांगाड्यावर बसवून एकावर एक येऊ द्यावेत, दोन्हींतून एकाच रेषेने कापावे आणि कानशीने घासून काठ इतके जुळवावेत की मध्ये उजेड दिसणार नाही. फट राहिली तर ती वेल्डिंगच्या वेळी आकसून आत ओढते आणि मडगार्डची रेषा मोडते.

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो सुमारे २,०७० अंशांना वितळतो आणि आतला धातू ६६० अंशांना. म्हणजे आत पाणी झालेले असते आणि वर कवच तसेच असते. हे कवच काढण्यासाठी जोड फक्त या कामासाठी ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासावा, ॲसिटोनने पुसावा, आणि दोन्ही बाजूंनी फ्लक्स लावावा. फ्लक्स म्हणजे ते कवच विरघळवणारी पूड. पाण्यात कालवून लेप करतात. लोखंडावर वापरलेला ब्रश इथे चालत नाही, त्याचे कण राहिले की जोड पुढे गंजतो.

टिग वेल्डिंगही चालते, पण पत्राकामाला मी गॅसची बाजू घेतो. गॅसचा जोड मऊ राहतो आणि हातोड्याखाली सहज पसरतो. भरायची सळई म्हणून त्याच पत्र्याची अडीच-तीन मिमी रुंद पट्टी कापून घेतली तर रंग आणि कडकपणा दोन्ही जुळतात.

आधी दर अडीच-तीन सेंटिमीटरवर टाके मारावेत, मध्यापासून टोकांकडे. टाक्यांनंतर तुकडा पुन्हा सांगाड्यावर बसवून पाहावा. चूक सुधारायची ही शेवटची स्वस्त संधी असते. मग सलग जोड. फ्लक्स आधी काचेसारखा पारदर्शक होतो, आणि त्याखालचा धातू अचानक ओला, चमकदार दिसू लागतो. तो क्षण सळई टेकवण्याचा आणि पुढे सरकण्याचा. तिथे थबकले की भोक पडते.

फ्लक्समधल्या सोडियममुळे ज्योत पिवळीजर्द भडकते आणि जोड दिसेनासा होतो. साधा हिरवा चष्मा पुरत नाही. ॲल्युमिनियमच्या गॅस वेल्डिंगसाठी खास काच मिळते, ती घ्यावी. धुरात फ्लोराइड असते, म्हणून दार-खिडक्या उघड्या आणि पंखा पाठीमागून बाहेरच्या दिशेने. हे करायला कंटाळू नये.

काम संपताच गरम पाणी आणि ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी फ्लक्स धुऊन काढावा. आतल्या बाजूला तो हमखास राहतो. राहिलेला फ्लक्स हवेतला ओलावा ओढून पत्रा खात जातो, आणि काही महिन्यांत रंगाखाली पांढरी पूड फुटते. जोडावरचा रंग फुगलेला दिसला तर कारण बहुतेक वेळा हेच असते.

मठारणे

जोड थंड झाला की तो आकसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खोलगट पट्टा तयार होतो. इथे पत्रा कमी झाला आहे, म्हणून ताणायचा. डॉली आत धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने जोडावरच नेमके, हलके ठोके द्यावेत. धातू दोघांत चिमटला जाऊन पसरतो आणि खोलगा भरून येतो. मग शक्य तिथे जोड चाकाखालून काढावा.

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी अशीच मठारली जातात. तिथे हातोडीच्या खुणा ओळीने, शोभेसाठी ठेवतात. आपल्याला त्या खुणा एकमेकींत इतक्या मिसळायच्या आहेत की वेगळी एकही दिसणार नाही. ठोका मात्र तसाच: मनगटातून, हातोडीचे तोंड पूर्ण सपाट पडणारा. तोंड तिरके पडले की चंद्रकोरीसारखी खाच उमटते आणि ती घालवायला दहा ठोके लागतात.

शेवटी लांब, वाकड्या दातांची बॉडी कानस तिरपी धरून हलकी फिरवावी. उंच जागा चमकतात, खोल जागा मळक्या राहतात. खोल जागा आतून उचलावी. तिच्या पातळीला आणण्यासाठी भोवतालचे सगळे घासून टाकू नये. ताणताना १.६ मिमीचा पत्रा कुठे कुठे १.२ पर्यंत आलेला असतो. त्यातून कानशीने आणखी काढले तर माथ्यावर बोटाने दाबता येईल असे पातळ टक्कल राहते. पुट्टीने भरण्याचा मोहही आवरावा. शर्यतीच्या गाडीला हादरे बसतात आणि ती तिथूनच निखळते.

काठ आणि बसवणी

मोकळा काठ धारदार आणि लवलवता असतो. चाकाच्या कमानीला अडीच-तीन मिमी जाडीची ॲल्युमिनियमची तार काठात गुंडाळतात. काठाला तारेच्या जाडीच्या सुमारे अडीचपट पट्टी जादा ठेवायची, ती काटकोनात वळवायची, तार आत ठेवायची आणि पत्रा तिच्याभोवती बंद करायचा. कमानीत वळवताना ही पट्टी ताणली जाते, म्हणून आधी नरम करावी. लोखंडी तार घातली तर पुढे ती आतून गंज पकडते आणि काठ फुटतो.

याला कारण असे की ॲल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजते. मिलानच्या तूरिंग या कारखान्याने १९३०च्या दशकात बारीक पोलादी नळ्यांच्या चौकटीवर ॲल्युमिनियम चढवायची ‘सुपरलेजेरा’ म्हणजे ‘अतिहलकी’ पद्धत आणली. तशा जुन्या गाड्या उघडल्या की नळीभोवती गुंडाळलेल्या कडेलाच पत्रा खाल्लेला सापडतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. चौकटीच्या नळ्यांना इपॉक्सी प्रायमर द्यावा, पत्रा आणि नळी यांमध्ये रबरी किंवा कापडी पट्टी ठेवावी, रिव्हेट ॲल्युमिनियमचेच वापरावेत. तांब्या-पितळेचा वॉशर तर मुळीच नको.

भोके थोडी सैल ठेवावीत. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मीटरभर लांबीच्या भागात तीस अंशांच्या फरकाने जवळजवळ पाऊण मिलिमीटरची वाढ होते, आणि इंजिनाजवळच्या भागात फरक त्याहून मोठा असतो. घट्ट रिव्हेट केलेल्या भोकांच्या काठांपासून तडे निघतात.

रंग देण्याआधी पत्र्यावरचे ग्रीस काढून, तो बारीक पॉलिशपेपरने घासून, त्यावर ॲल्युमिनियमसाठीचा प्रायमर त्याच दिवशी द्यावा. घासलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइड लगेच धरू लागतो. हाताचे ठसेही उमटू देऊ नयेत.

उजवे मडगार्ड

डाव्या बाजूचे कागद उलटे करून उजव्या बाजूला वापरता येतात, पण सांगाडा तसा उलटत नाही. उजव्या बाजूचे छेद वेगळे कापून सांगाड्याचा तो भाग उभा करावा लागतो. दोन्ही बाजू करताना एकेक तुकडा जोडीने घडवावा: आधी दोन्ही माथे, मग दोन्ही बाजू. हाताला लागलेला अंदाज ताजा असतानाच दुसरा तुकडा घेतला तर तो पहिल्याशी जुळतो. एक मडगार्ड पूर्ण करून महिन्याने दुसऱ्याला हात घातला तर जुळत नाही. जुळणी तपासायला गाडीच्या मध्यरेषेवर ताणलेला दोरा धरून दोन्हीकडे एकाच उंचीवर अंतरे मोजावीत आणि जिथे फरक येईल तिथे लगेच मार्करने लिहावे.

कागद, लवचीक आवरणे आणि सांगाड्याचे छेद नाव व क्रमांक घालून कोरड्या जागी ठेवावेत. शर्यतीत मडगार्ड आपटते, आणि तेव्हा नवा माथा घडवायला यांच्याखेरीज दुसरे काही हाताशी नसते.